प्रिंटर समोर आहे, पण लॅपटॉपला दिसत नाही? फायरवॉल बंद करण्याआधी हे वाचा

माझ्या मामाचं सांगलीत टॅक्स कन्सल्टंटचं छोटं ऑफिस आहे. तीन कॉम्प्युटर, एक वायफाय प्रिंटर आणि जुन्या पीसीवर सगळ्या क्लायंटच्या फायलींचा एक शेअर फोल्डर. रिटर्न भरायच्या ऐन गर्दीत त्याने नवा लॅपटॉप घेतला. लॅपटॉपवर इंटरनेट झकास चालत होतं. पण प्रिंटर दिसेना आणि फोल्डरही दिसेना.

मामाने नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने सगळ्या मशिनवरची फायरवॉल बंद केली. तरी काही दिसलं नाही. मग त्याने लॅपटॉपची एक-दोन सेटिंग बदलली आणि शेवटी लॅनची केबल लावली. तेव्हा सगळं दिसायला लागलं. पाचशे रुपये घेऊन तो गेला. फायरवॉल मात्र बंदच राहिली. महिनाभराने मी सुट्टीला गेले, तेव्हाही ती बंदच होती.

त्या फोल्डरमध्ये मामाच्या सगळ्या क्लायंटचे पॅन, आधारच्या प्रती आणि बँक स्टेटमेंट आहेत.

मामाचं म्हणणं सरळ होतं. "अगं, काम चाललंय ना? मग कशाला हात लावतेस?"

हा प्रश्न एकट्या मामाचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. त्यामुळे ठिकठिकाणच्या ऑफिसांत, दुकानांत आणि शाळांत नवे कॉम्प्युटर आले किंवा जुन्यांवर विंडोज ११ चढलं. त्यानंतर "नेटवर्कमध्ये दिसत नाही" ही तक्रार वाढणं साहजिक आहे. यावर युट्यूबवर सांगितले जाणारे बरेच उपाय एकाच वळणाचे असतात. हे बंद करा, ते काढून टाका, पासवर्ड नको म्हणा.

गंमत अशी की बऱ्याचदा हा बिघाड नसतोच. तुमचा कॉम्प्युटर मुद्दाम लपलेला असतो. तो का लपला, हे कळलं तर दार सताड उघडं न टाकताही काम होतं.

आधी हे समजून घेऊ : मशिन एकमेकांना शोधतात कसे?

तुमच्या घरातला किंवा ऑफिसमधला राऊटर, त्याला जोडलेले फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे या सगळ्यांचं मिळून एक लोकल नेटवर्क होतं. राऊटर प्रत्येकाला एक आयपी अॅड्रेस देतो. उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हा झाला घराचा नंबर.

पण नव्याने आलेल्या लॅपटॉपला प्रिंटरचा नंबर कुठे माहीत असतो? मग तो चाळीच्या चौकात उभं राहून ओरडावं तसं सगळ्या नेटवर्कला विचारतो, "इथे प्रिंटर कोण आहे?" प्रिंटर उत्तर देतो, "मी आहे, माझा नंबर अमुक." या हाकेला आणि उत्तरालाच डिस्कव्हरी म्हणतात.

अडचण अशी की सगळे एका भाषेत हाक मारत नाहीत. अॅपलची उपकरणं आणि बरेच प्रिंटर एमडीएनएस नावाची पद्धत वापरतात. स्मार्ट टीव्ही आणि कास्टिंगमध्ये एसएसडीपी ही दुसरी पद्धत चालते. आजचं विंडोज दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरला शोधतं ते डब्ल्यूएस-डिस्कव्हरीने. त्यामुळे एकच प्रिंटर फोनला दिसतो आणि लॅपटॉपला दिसत नाही, असंही होऊ शकतं.

आणखी एक गोष्ट. ही हाक आपल्या नेटवर्कच्या हद्दीबाहेर जात नाही. मधे दुसरा राऊटर आला किंवा नेटवर्क वेगळं झालं की पलीकडच्याला ती ऐकूच येत नाही.

मग पूर्वी सगळं आपोआप कसं दिसायचं?

विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ च्या काळात 'नेटवर्क' उघडलं की सगळ्या कॉम्प्युटरची यादी समोर यायची. ती यादी ठेवण्यासाठी नेटवर्कवरचे कॉम्प्युटर आपापसांत चक्क निवडणूक घ्यायचे. जिंकलेला कॉम्प्युटर 'मास्टर ब्राऊझर' व्हायचा आणि यादी सांभाळायचा. यादी फार भरवशाची नव्हती. बंद केलेल्या कॉम्प्युटरचं नावही त्यात बराच वेळ रेंगाळायचं. पण काम चालायचं.

विंडोजमधली ही यादी एसएमबी१ या जुन्या पद्धतीवर अवलंबून होती. फायली आणि प्रिंटर शेअर करण्यासाठी विंडोज जी भाषा वापरतं, तिचं नाव एसएमबी. एसएमबी१ ही तिची पहिली आवृत्ती. ती बनली तेव्हा नेटवर्कवरचा प्रत्येक जण ओळखीचाच असणार, असं गृहीत धरलेलं होतं.

२०१७ साली हे गृहीतक कोसळलं.

२०१७ मध्ये काय झालं?

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर पसरायला लागलं. एसएमबी१ मधल्या एका त्रुटीतून ते एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपोआप जात होतं. कुणी लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. सुमारे १५० देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्याच्या तावडीत सापडले. विशेष म्हणजे या त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट टाकला नव्हता, ते अडकले.

दीड महिन्याने, २७ जूनला नॉटपेट्या आलं. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली. एकदा नेटवर्कमध्ये शिरलं की ते तीच त्रुटी वापरायचं. शिवाय त्या कॉम्प्युटरमधले पासवर्ड चोरून शेजारच्या मशिनमध्ये घुसायचं. त्यामुळे अपडेट टाकलेले कॉम्प्युटरही बळी पडले.

मर्स्क ही डेन्मार्कची महाकाय जहाज कंपनी त्यात ठप्प झाली. कंपनीने स्वतः २५ ते ३० कोटी डॉलरच्या नुकसानीचा अंदाज दिला होता. याची झळ थेट आपल्या न्हावाशेव्यापर्यंत आली. जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स हे मर्स्कच्याच समूहातली कंपनी चालवते. तिथलं काम विस्कळित झालं आणि कंटेनर अडकून पडले.

या दोन घटनांनी एक गोष्ट स्पष्ट केली. धोका नेहमी बाहेरूनच येतो असं नाही. नेटवर्कमधलं एक मशिन बाधित झालं की तेच बाकीच्यांना शोधत सुटतं. आणि जे सहज दिसतं, ते आधी सापडतं.

त्यानंतर कंपन्यांनी काय बदललं?

ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी१ देणं बंद झालं. त्याबरोबर ती जुनी यादीही गेली.

विंडोज ११ नव्या वायफायला जोडलं की ते नेटवर्क मुळात 'पब्लिक' धरतं. म्हणजे तुम्ही एसटी स्टँडवर किंवा हॉटेलात बसला आहात असं समजून कॉम्प्युटर स्वतःला लपवतो. घर किंवा ऑफिस असेल तर 'प्रायव्हेट' आपल्याला निवडावं लागतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत आणखी दोन बदल झाले. प्रो आवृत्तीत पासवर्डशिवाय 'गेस्ट' म्हणून दुसऱ्याचा फोल्डर उघडणं मूळ सेटिंगमध्ये बंद झालं. शिवाय एसएमबी साइनिंग सक्तीचं झालं. म्हणजे प्रत्येक संदेशावर एक डिजिटल शिक्का हवा, म्हणजे मधे कुणी फेरफार केला तर कळेल. जुनं स्टोरेज किंवा राऊटरला लावलेला पेन ड्राइव्ह असा शिक्का देऊ शकत नसेल, तर विंडोज त्याला नकार देतं. कालपर्यंत चालणारा फोल्डर अपडेटनंतर अचानक बंद पडतो, तो अनेकदा यामुळे.

प्रिंटरचंही असंच झालं. २०२१ च्या जुलैमध्ये प्रिंटनाइटमेअर ही विंडोजच्या प्रिंटिंग यंत्रणेतली गंभीर त्रुटी गाजली. नंतर सप्टेंबरच्या अपडेटने प्रिंटर शेअरिंगची तपासणी कडक केली आणि जगभर शेअर केलेले प्रिंटर बंद पडले. शेवटी '११बी' असलेला एरर तुम्हीही पाहिला असेल. त्यावरचे दोन उपाय लगेच व्हायरल झाले. एक म्हणजे अपडेटच काढून टाका, दुसरा म्हणजे रजिस्ट्रीत एक आकडा बदलून ती तपासणी बंद करा. दोन्हींनी प्रिंट यायची. पण ज्यासाठी अपडेट आला होता, ते संरक्षणही जायचं.

फोन आणि ब्राऊझर आता परवानगी का मागतायत?

लपण्याचा हा प्रकार विंडोजपुरता राहिलेला नाही. सप्टेंबर २०२० च्या आयओएस १४ पासून आयफोनमधल्या अॅपला लोकल नेटवर्कवरची उपकरणं शोधायची असतील तर तुमची परवानगी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये मॅकओएस सिकोयात तेच आलं. गुगलने अँड्रॉइड १६ मध्ये अशाच संरक्षणाची चाचणी सुरू केली. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या क्रोम १४२ पासून, एखाद्या वेबसाइटला तुमच्या लोकल नेटवर्कवरच्या उपकरणांशी जोडायचं असेल तर क्रोम आधी तुम्हाला विचारतो.

यामागचं कारण वेगळं आहे. तुमच्या घरातल्या उपकरणांची यादी तुमच्याबद्दल बरंच काही सांगते. अमेरिका आणि युरोपातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ९३ स्मार्ट उपकरणांचा अभ्यास मांडला. त्यात दिसलं की ही उपकरणं लोकल नेटवर्कवर आपली नावं आणि कायमचे ओळख क्रमांक उघडपणे सांगत असतात आणि काही अॅप ते गोळा करतात. त्यावरून एखादं घर ओळखता येतं.

म्हणून अशी परवानगी मागितली गेली की एकच विचार करायचा. या अॅपला माझ्या घरातल्या उपकरणांशी काय काम आहे? प्रिंटरच्या, कास्टिंगच्या किंवा सीसीटीव्हीच्या अॅपला काम आहे. गेमला किंवा कर्ज देणाऱ्या अॅपला नाही. मात्र कधीतरी घाईत 'नाही' दाबलेलं असतं आणि मग प्रिंटर दिसत नाही म्हणून आपण राऊटर बंद-चालू करत बसतो. आयफोन आणि मॅकवर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'लोकल नेटवर्क' असा पर्याय आहे. कुणाला हो म्हटलंय आणि कुणाला नाही, ते तिथे दिसतं.

आता कामाचं : दिसत नसेल तर काय तपासायचं?

"दिसत नाही" या एका तक्रारीत तीन वेगळे प्रश्न असतात. दोघे एकाच नेटवर्कवर आहेत का? एकमेकांपर्यंत पोहोचतायत का? आणि आत जायची परवानगी आहे का? याच क्रमाने गेलं तर वेळ वाचतो.

१. नेटवर्क एकच आहे का? दोन्ही मशिनचे आयपी अॅड्रेस बघा. घरात आणि छोट्या ऑफिसात साधारणपणे पहिले तीन आकडे सारखे असायला हवेत. एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर बहुतेक मधे दुसरा राऊटर आहे. इंटरनेटवाल्याने दिलेला एक आणि आपण लावलेला एक, असं बऱ्याच घरांत असतं. अॅड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरकडून नंबरच मिळालेला नाही. 'गेस्ट' वायफाय असेल तर इंटरनेट चालेल, पण बाकीची उपकरणं दिसणार नाहीत. गेस्ट वायफाय त्यासाठीच असतं. काही राऊटरमध्ये 'एपी आयसोलेशन' हा पर्याय चालू असतो, त्यानेही तेच होतं. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा.

२. नाव सोडा, नंबर टाका. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश आणि समोरच्या कॉम्प्युटरचा आयपी अॅड्रेस टाइप करा. फोल्डर उघडला किंवा पासवर्ड मागितला, तर रस्ता ठीक आहे, फक्त हाक ऐकू येत नाही. अनेकांची अडचण इथेच संपते, कारण यादीत दिसणं हे कामासाठी गरजेचं नसतंच. आणि पिंगला उत्तर आलं नाही म्हणून मशिन बंद आहे असं समजू नका. फायरवॉल पिंग अडवू शकते.

३. दोन्हीकडे 'प्रायव्हेट' निवडा. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये हा पर्याय आहे. मग 'अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये प्रायव्हेट नेटवर्कसाठी नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. एवढं केलं की फायरवॉल स्वतःच लागणाऱ्या वाटा उघडते. ती बंद करायची गरज राहत नाही.

४. जो दिसत नाही, त्याच्याकडे बघा. ही चूक फार जण करतात. शोधणाऱ्या लॅपटॉपची सेटिंग बदलत बसतात. पण आपली ओळख सांगायचं काम समोरच्या कॉम्प्युटरचं आहे. तिथे सर्व्हिसेसमध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सर्व्हिस चालू आहे का बघा. बंद असेल तर 'ऑटोमॅटिक' करा.

५. पासवर्ड द्या, काढू नका. शेअर फोल्डर उघडताना रोज टाकता तो चार आकडी पिन चालत नाही. खात्याचा खरा पासवर्ड लागतो. खात्याला पासवर्डच नसेल तर नेटवर्कवरून येणाऱ्याला विंडोज मुळात आत घेत नाही. सोपा मार्ग म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे, तिथे ऑफिसमधल्या प्रत्येकासाठी वेगळं युजर खातं आणि पासवर्ड तयार करायचा. लॅपटॉपवर तो एकदा टाकून 'लक्षात ठेव' म्हटलं की झालं.

६. प्रिंटरचा नंबर पक्का करा. राऊटर कधीकधी प्रिंटरला नवा नंबर देतो आणि लॅपटॉप जुन्या पत्त्यावर कागद पाठवत बसतो. राऊटरमध्ये 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' करून प्रिंटरला एकच नंबर बांधून द्या आणि विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना तोच नंबर टाका. मग हाक मारायचा प्रश्नच येत नाही. हे वायफाय किंवा केबलने थेट राऊटरला जोडलेल्या प्रिंटरसाठी आहे. प्रिंटर यूएसबीने एका पीसीला लावलेला असेल तर तो पीसी चालू असणं आणि वरचे तीन ते पाच क्रमांकाचे मुद्दे महत्त्वाचे.

हे मात्र करू नका : फायरवॉल पूर्ण बंद करणं, एसएमबी१ परत चालू करणं, पासवर्ड संरक्षण काढून फोल्डर 'एव्हरीवन'ला देणं, अपडेट काढून टाकणं. तपासणीसाठी दोन मिनिटं फायरवॉल बंद केलीच, तर लगेच चालू करा. काही फरक पडला नसेल तर दोष तिचा नव्हताच.

चूक फक्त वापरणाऱ्याची आहे का?

नाही. सुरक्षेसाठी केलेले हे बदल योग्य आहेत, पण ते लोकांना सांगितले कसे गेले? "नेटवर्क पाथ सापडला नाही" एवढाच संदेश समोर येतो. नेटवर्क गेस्ट आहे, की पासवर्ड हवाय, की समोरचं उपकरण जुनं आहे, यातलं काही त्यावरून कळत नाही. माणसाला कारण कळलं नाही की तो हाताला लागेल ते बंद करतो.

दुसरा प्रश्न पैशांचा आहे. अनेक झेरॉक्स दुकानांत आणि ऑफिसांत असलेली जुनी मशिन स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये टाकताना फक्त एसएमबी१ वापरतात. नवं मशिन घ्या, हे सांगणं सोपं आहे. त्याची किंमत दुकानदाराला परवडतेच असं नाही. अशा वेळी आधी कंपनीच्या साइटवर त्या मशिनचं नवं फर्मवेअर आहे का बघा. नसेल तर स्कॅन ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. एका जुन्या मशिनसाठी सगळ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एसएमबी१ चालू करणं मात्र महागात पडू शकतं.

आणि मामाच्या ऑफिसचं काय झालं?

लॅपटॉप ग्राहकांसाठी ठेवलेल्या गेस्ट वायफायला जोडलेला होता. केबल लावल्यावर तो मुख्य नेटवर्कवर आला, म्हणून सगळं दिसायला लागलं. फायरवॉलचा यात काही संबंधच नव्हता. ती उगाच महिनाभर बंद राहिली. पासवर्ड नसलेला फोल्डर उघडावा म्हणून लॅपटॉपची जी सेटिंग बदलली होती, तीही तशीच होती.

आम्ही एका रविवारी बसून लॅपटॉप मुख्य वायफायवर घेतला, सगळीकडे फायरवॉल चालू केली आणि ती सेटिंग परत मूळच्या जागी आणली. जुन्या पीसीला आणि प्रिंटरला पक्का नंबर दिला. ऑफिसमधल्या तिघांना तीन पासवर्ड दिले. सगळं मिळून दीड तास लागला.

नेटवर्कच्या यादीत तो जुना पीसी अजूनही कधी दिसतो, कधी दिसत नाही. मामा आता ती यादी उघडतच नाही. त्याच्या डेस्कटॉपवर फोल्डरचा शॉर्टकट आहे आणि प्रिंट वेळेवर येते.